कोणते पाटील?

लातूर-नांदेडकडं अनोळखी माणसाला पहिला प्रश्न गावाचा असतो, दुसरा नावाचा, तिसरा आडनावाचा. 'पाटील' असं उत्तर आलं की चौथा ठरलेला: "कोणते पाटील?" एस.टी.त शेजारी बसलेला विचारतो, लग्नाच्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेला विचारतो, दवाखान्याबाहेर नंबराची वाट बघणारा विचारतो. माणूस वाईट नसतो. बाटलीतलं पाणी देईल, सरकून जागा करून देईल. पण त्याला जात कळून घ्यायची असते आणि ती सरळ विचारणं आता बरं दिसत नाही, म्हणून तो आडनावाच्या आडून विचारतो.

या प्रश्नाचा मला राग आहे. आमच्या भागातल्या नावांत एवढं काही भरलेलं आहे की त्यातून फक्त जात शोधत बसणं हा त्या नावांचाच अपमान आहे. शिवाय ती त्यात धड सापडतही नाही.

पाटीलच घ्या. हे हुद्द्याचं नाव. निजामाच्या राज्यात गावाला दोन-दोन पाटील असत: सारावसुली बघणारा माली पाटील आणि बंदोबस्त बघणारा पोलीस पाटील. सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गीच्या बाजूला 'मालीपाटील' आणि 'पोलीसपाटील' ही आजही चालती आडनावं आहेत. सीमेच्या अलीकडं नुसतं पाटील उरलं. हे काम मराठ्यांकडं होतं, लिंगायतांकडं होतं, मुसलमानांकडंही होतं. तिथं त्याचं पटेल झालं. देशमुख परगण्याचा, देशपांडे परगण्याच्या हिशेबाचा, कुलकर्णी गावच्या दप्तराचा. देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, मुसलमानांतही आहेत. इनामदार, जहागीरदार यांचं तसंच. वतनं कायद्यानं गेली. आडनावं कुणी काढून घेतली नाहीत, म्हणून ती राहिली.

हुद्दे सोडा, कुळाची नावं बघा. चव्हाण, पवार, जाधव म्हटलं की पुण्याकडचा माणूस एका जातीकडं बोट दाखवतो. किनवट-माहूरकडच्या तांड्यावर हीच आडनावं बंजाऱ्यांची आहेत. गायकवाड, शिंदे, सूर्यवंशी पाटलाच्या गल्लीत भेटतात आणि बौद्धवस्तीतही भेटतात. म्हणजे विचारणाऱ्याला चौथ्यावर थांबता येत नाही. पाचवा, सहावा प्रश्न लागतोच. "मामाचं गाव कोणतं?" "सोयरे कुठले?" तोवर समोरच्याला कळून चुकतं की आपल्याला तोललं जातंय.

पाटील इतके झाले की ओळखायला पुढं गाव जोडावं लागलं. शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५ साली मुख्यमंत्री झाले. शिवराज पाटील चाकूरकर १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते, पुढं देशाचे गृहमंत्री झाले. नांदेडकडं खतगावकर, चिखलीकर, आष्टीकर. आडनावाला गाव जोडलं की मतदारसंघही जोडला जातो, हे आमच्या पुढाऱ्यांना चांगलं कळतं. मुलगा, सून, नातू शहरात वाढले तरी पोस्टरवर गाव टिकून असतं.

मुळात 'कर' लागतो तो गाव सोडलेल्या माणसाला. नायगावात सगळेच नायगावचे. तिथं कुणाला नायगावकर म्हणून काय ओळखणार? माणूस दुसऱ्या गावाला गेला, तिथल्यांनी त्याला त्याच्या जुन्या गावावरून हाक मारली, आणि ती हाक कागदावर चढली. औसेकर, कंधारकर, देगलूरकर, उदगीरकर, मुखेडकर ही सगळी स्थलांतराची नोंद आहे. दुष्काळ असेल, भाऊबंदकी असेल, नोकरी किंवा व्यापार असेल; कारण विसरलं गेलं आणि गाव लक्षात राहिलं. नरहर कुरुंदकरांचं सगळं काम नांदेडात झालं. पीपल्स कॉलेजात शिकवलं, तिथंच प्राचार्य झाले, आणि १० फेब्रुवारी १९८२ ला ते गेले तेव्हा उभ्या महाराष्ट्राला ते नांदेडचे म्हणूनच ठाऊक होते. आडनावात मात्र वसमतजवळचं कुरुंदा. आमच्याकडं आजही कुरुंद्यावरून एस.टी. गेली की कुणीतरी म्हणतंच, "हे गुरुजींचं गाव." कुरुंदकरांनी त्या गावावर पुस्तक लिहिलं नाही, पण आडनावानं ते महाराष्ट्रभर नेलं.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. संन्यास घेताना माणूस गाव, बाप आणि आडनाव तिन्ही सोडतो, त्यांनी सोडलं. १९९४ साली नांदेडच्या विद्यापीठाला नाव दिलं ते संन्यासाचं. तरी त्यांच्या मूळ नावातला व्यंकटेश आमच्या घरोघर आहे. लातूर-नांदेडच्या कुठल्याही शाळेत हजेरी घ्या. बालाजी, व्यंकट, गोविंद, नरसिंग. पुण्या-मुंबईत बालाजी म्हटलं की देवळाची पाटी आठवते. आमच्याकडं बालाजी बाकावर शेजारी बसलेला असतो, एका वर्गात तीन-तीन. तिरुपतीची ओढ या भागाला जुनी, कारण दक्षिणेकडचा रस्ता आमच्या दारावरून जातो.

दक्षिण आमच्या नावांत किती खोल शिरलीय याचा अंदाज बाहेरच्यांना नाही. नांदेडच्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या वाचत चला: चिद्रावार, पत्तेवार, कोतावार. चंद्रपूरकडं गेलात तर तिथं मुनगंटीवार. हा 'वार' मराठी वाराशी संबंधित नाही, तो तेलुगूतला 'वारु'. तेलुगूत आदरानं 'ती मंडळी', 'त्या घरचे' म्हणायला तो शब्द येतो. शेकडो वर्षांपूर्वी तिकडून व्यापाराला आलेल्या घरांना शेजाऱ्यांनी आदरानं हाक मारली, आणि आदर आडनावाला चिकटून बसला. आज त्या घरांत तेलुगू बोलता येणारी आजी उरली असेल किंवा नसेलही. नातवाला बोर्डाच्या परीक्षेत मराठीत पैकीच्या पैकी मिळतात. तरी तो सही करतो तेव्हा शेवटी तेलुगू असतेच.

तेलुगू माणसाचं घराचं नाव, त्यांच्या भाषेत इंटिपेरु, स्वतःच्या नावाआधी येतं. माजी पंतप्रधान पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांचं आडनाव पामुलपर्ती, ते 'पी.'त मावलं आणि आपण मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं 'श्री. राव' छापत आलो. ज्या माणसानं हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' तेलुगूत नेली, त्याचं आडनाव आपण नीट लक्षात घेतलं नाही. मुखेडला जन्मलेले नागनाथ कोत्तापल्ले अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आडनावातलं 'कोत्त' म्हणजे नवं आणि 'पल्ले' म्हणजे खेडं. पहिल्या नावात औंढ्याचा नागनाथ, आडनावात तेलुगू नवेगाव, आणि आयुष्यभराचं लेखन मराठीत. अशा माणसाला कुणी "कोणते?" म्हणून विचारलं तर त्यानं काय सांगावं?

लातूर-उदगीरकडं कन्नडचा जोर. बसवराज, शिवराज, मल्लिकार्जुन, रेवणसिद्ध, सिद्रामप्पा, काशीनाथप्पा. त्या 'अप्पा'त बाप आहे, आणि बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या चळवळीची सावली आहे. हिरेमठ म्हणजे थोरला मठ. माणसांचं सोडा, आमची गावंच कन्नड-तेलुगू ऐकू येतात. लातूर आणि देगलूर यांतला 'ऊर' हा दक्षिणेकडचा गावाचा शब्द आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे अधीश म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे आजचं लातूर असं अभ्यासक मानतात. नांदेडचं जुनं नाव नंदितट, तिथं संस्कृत आहे आणि नदीचा काठ आहे. शुद्ध मराठी नावांचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी जिल्ह्यांची नावं बदलायला घ्यावीत, म्हणजे त्यांना काम पुरेल.

आता मन्मथ. लातूरच्या पोरानं पुण्याच्या वसतिगृहात स्वतःचं किंवा बापाचं हे नाव सांगितलं की हसू उठतं, कारण संस्कृतात मन्मथ म्हणजे मदन, शंकरानं जाळलेला. शिवभक्ताच्या घरी हे नाव कसं? ते मदनावरून आलेलंच नाही. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. तिथं मन्मथस्वामींची समाधी आहे. त्यांनी 'परमरहस्य' मराठीत लिहिलं आणि लिंगायत घराघरांत मराठी पारायणाची परंपरा रुजवली. कार्तिकात कपिलधारची वाट दिंड्यांनी भरते, त्या दिंडीत पाच मन्मथ, सात मन्मथप्पा सहज सापडतील. पंढरपूरच्या वाटेवर जसा तुकाराम, तसा या वाटेवर मन्मथ. हसणाऱ्यानं आपल्याला माहीत नसलेल्या संताला हसू नये एवढी अपेक्षा आहे.

देवांची यादी पुढं कितीही लांबवता येईल, पण गंगाधर राहता कामा नये. नांदेडात गोदावरीला गोदावरी कोण म्हणतं? ती गंगा. म्हणून काठाकाठानं गंगाधर, गंगाराम, गंगाबाई. माळेगावच्या जत्रेमुळं खंडू, मल्हारी, मार्तंड. माहूरमुळं रेणुका, अनुसया, दिगंबर, परशुराम. औंढ्यामुळं नागोराव, परळीमुळं वैजनाथ. जिल्ह्याचा नकाशा नसला तरी मतदारयादी वाचून देवस्थानं ओळखता येतील.

आणि पिराजी! ज्यांना हल्ली नावांवरून माणसं वाटून घ्यायची आहेत त्यांनी या नावापाशी जरा थांबावं. हिंदू शेतकऱ्यांच्या घरी पिराजी आहेत, फकीरराव आहेत. पिराला नवस बोलला, मूल जगलं, पिराचं नाव ठेवलं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कवी फ. मुं. शिंदे यांचं पूर्ण नाव फकीरराव मुंजाजी शिंदे: स्वतःच्या नावात फकीर, बापाच्या नावात पिंपळावरचा मुंजा. शहाजी आणि शरीफजी ही भोसल्यांच्या घरातली नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, असं परंपरा सांगते. म्हणजे हा रिवाज मराठवाड्यातल्या अडाणी माणसांचा खुळेपणा नव्हे, छत्रपतींच्या आजोबांचा आहे.

केरबा हे नाव तर आमचंच. घरात मुलं जगत नसली की नवं मूल केरावर ठेवायचं, सूपभर धान्य देऊन शेजारणीनं ते 'विकत' घ्यायचं आणि मग आईच्या ओटीत परत घालायचं. नाव ठेवायचं केरबा. यमाला वाटावं की हे टाकलेलं आहे, याला नेऊन काय करायचं. दगडू, धोंडू, भिकाजी, उकंडा यांच्यामागंही हीच धास्ती. हाताशी दवाखाना नसलेल्या आईनं मूल वाचवण्यासाठी केलेला तो अखेरचा उपाय होता. आज त्या केरबाचा मुलगा नोकरीला लागला की बापाचं नाव 'के.' करून टाकतो. नातवाचं नाव विहान ठेवा, शौर्य ठेवा, आईबापांचा तो हक्क आहे. पण 'के.'च्या मागं बापाला लपवू नका. त्या नावात पणजीचा जीव टांगणीला लागलेला आहे.

मुलींच्या वाट्याला मात्र या उपायाची उलटी बाजू आली. मुलगा जगावा म्हणून केरबा, आणि मुलगी नको म्हणून नकुशा. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ नकुशांची नावं समारंभानं बदलली, ती बातमी जगभर गेली. इथं नाव बदलणं योग्यच होतं. केरबाच्या आईला मूल हवं होतं. नकुशाच्या घरच्यांना नको होतं.

नांदेडात नाव बदलण्याचा एक फार मोठा प्रसंग १७०८ साली घडला. गोदेकाठी मठ करून राहिलेल्या माधोदास बैराग्याची गुरू गोविंदसिंगांशी गाठ पडली आणि माधोदासचा बंदासिंघ झाला; पुढं पंजाबचा इतिहास बदलला. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात वाढलेल्या नांदेडच्या शीख घरांत लांगरी, पुजारी, बुंगई अशी आडनावं आहेत. सेवेवरून, जागेवरून पडलेली. ही मंडळी घरात दख्खनी वळणाचं बोलतात, बाजारात मराठी. त्यांचं 'सिंघ' आपण 'सिंग' लिहितो, ते मुकाट्यानं दुरुस्त करत राहतात.

इथवर अभिमानानं लिहिता आलं. पुढचं लिहिताना तो टिकत नाही. नाव एकच असून हाक वेगळी, हे आमच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. वाड्यातला गंगाधर लंगोटात असल्यापासून गंगाधरराव. वेशीबाहेरचा गंगाधर नातवंडं झाली तरी गंग्या. केरबा पाटील 'केरबाअण्णा', राबायला येणारा केरबा 'केऱ्या'. देव तोच, नदी तीच, बारशाला फुंकलेलं नावही तेच. जात नावात नव्हती, हाक मारणाऱ्याच्या तोंडात होती. आडनावावरून जात हुडकणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. आजही काही गावांत पासष्टीच्या माणसाला वीस वर्षांचं पोरगं एकेरीत हाक मारतं आणि म्हातारा "जी" म्हणून उठतो.

नावासाठी माणसं मेलीत, तीही याच भागात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितवस्त्या पेटवल्या गेल्या. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ठार मारलं. पुढं पंधरा वर्षं नामांतर अडलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही नामविस्तार म्हणून.

त्या दोघांची नावं शेजारी ठेवून बघा. पोचीराममध्ये पोचम्मा आहे, देवीच्या साथीतून वाचवणारी तेलंगणातली गावदेवता; बिलोली-देगलूरकडं पोशट्टी, पोचन्ना हेही तिचेच. गौतममध्ये बुद्ध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या पाड्यांवर, वस्त्यांवर सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावं आली. ज्याला 'केऱ्या' म्हणून बोलावलं होतं त्या बापानं मुलाचं नाव असं ठेवलं की तोडून हाक मारताना जीभ अडावी. पहिल्यांदाच नाव गावानं ठेवलं नव्हतं, बापानं निवडलं होतं. ज्या समाजाला स्वतःचं नाव ठेवण्याची मोकळीक एवढी उशिरा मिळाली, त्याला "नावात काय आहे?" असं ऐकवणं मला सहन होत नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०२५ साली पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवरून आडनाव काढलं; नुसतं नाव ठेवलं. जातीच्या ताणानं जिल्हा फाटलेला असताना पोलीस अधीक्षकांनी हे केलं. काहींनी नाकं मुरडली, की पट्टीवर नसलं तरी सगळ्यांना ठाऊक असतंच. असेल. पण तक्रार घेऊन आलेल्या बाईनं आधी पट्टी वाचायची आणि मग बोलायचं की नाही ते ठरवायचं, ही वेळ तरी टळली. तमिळनाडूनं हे फार आधी केलं. १९२९ च्या चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेनंतर पेरियारांसह असंख्य लोकांनी नावातला जातीचा शब्द टाकला. तिथं आज बापाच्या नावाचं आद्याक्षर पुरतं. जात तिथंही संपली नाही, पण निदान रेल्वेच्या डब्यात चौथा प्रश्न विचारायची सोय राहिली नाही. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा निर्णय घेतला, त्याचीही आठवण गावोगाव करून द्यावी लागते. पाटी बदलते, पत्ता सांगणाऱ्याचं तोंड बदलत नाही.

बायकांचं तर सगळंच अवघड. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, करवल्या हसतात, फोटो निघतो. वीस-बावीस वर्षं जे नाव ऐकून ती वळून बघत आली ते त्या ताटाबरोबर उचललं जातं. आणि मग सरकारी कागद सुरू होतात. शाळेच्या टी.सी.वर माहेरचं नाव. शिधापत्रिकेवर सासरचं. आधारवर काढणाऱ्याला जे ऐकू आलं ते. सात-बारावर आणखी तिसरं, कारण मराठवाड्यात बाप्याच्या नावापुढं 'पि.' लिहून बापाचं आणि बाईच्या नावापुढं 'भ्र.' लिहून नवऱ्याचं नाव टाकायची जुनी रीत आहे. 'भ्र.' म्हणजे भ्रतार. बापाच्या शेतात हिस्सा मागायला गेलेल्या लेकीला आधी हे सिद्ध करावं लागतं, की फेरफारातली द्रुपदाबाई आणि आधारवरची दीपाली ही एकच बाई आहे, आणि ती आपणच आहोत.

यात शाळामास्तरांचाही हातभार आहे. आमच्याकडं मारोती म्हणतात आणि हणमंत म्हणतात. दाखला लिहिणाऱ्यानं ते 'शुद्ध' करून मारुती, हनुमंत केलं. (त्याच हातानं निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लिहिली.) पुढं सेवा केंद्रात मारोतीचं इंग्रजीत 'एम-ए-आर-ओ-टी-आय' झालं आणि संगणकानं ते परत मराठीत आणताना 'मरोती' केलं. केंद्रातल्या पोराच्या मागं रांग उभी असते, त्याचं बोट पुढच्या रकान्यावर गेलेलं असतं. काउंटरपलीकडची बाई वाचू शकत नाही, वाचू शकली तरी पडदा तिच्याकडं वळवलेला नसतो. कळ दाबली जाते. चार महिन्यांनी लाडक्या बहिणीचे दीड हजार थांबतात, ई-केवायसी होत नाही, किंवा नवऱ्यामागं त्याच्या विम्याचा दावा अडकतो. एका कान्याचा हा दंड आहे. मग शपथपत्र, मग राजपत्र, मग तालुक्याच्या खेपा, आणि प्रत्येक खेपेला बुडालेला रोज.

एक गोष्ट सरकारनं बरी केली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. कुणाला हे नवं खूळ वाटेल. गोदेकाठीच, वर पैठणला, अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी राजेच आईच्या कुळावरून ओळखले जात: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. तेव्हा मराठवाड्यानं तरी याला नवं म्हणू नये. फक्त एक विचारायचं राहतं. मुलाच्या नावात आईचं कोणतं नाव घालायचं? तिच्या आईनं ठेवलेलं, की ताटातल्या तांदळातलं?

मला विचाराल तर पहिलं. निदान दुसऱ्याबरोबर पहिलंही. शिधापत्रिका, सात-बारा, लाभार्थी यादी यांत बाईच्या माहेरच्या नावाचा एक रकाना द्या आणि तो पुरावा म्हणून धरा. सेवा केंद्रातला पडदा समोरच्या माणसाकडं वळवा, आणि कळ दाबण्याआधी नाव मोठ्यानं वाचून दाखवायची सक्ती करा. मारोती असेल तर मारोतीच लिहा, पोशट्टी असेल तर पोशट्टी, सुधारू नका. लग्न ठरवायला बसलेल्यांनी तांदळाचं ताट या वर्षीपासून कोरं ठेवलं तरी मुहूर्त टळत नाही. आणि एस.टी.त शेजारी बसलेल्या पाटलाला बोलतं करायचंच असेल, तर गावचा देव विचारा, नदी विचारा, आजोबांचं नाव विचारा. मुक्काम येईस्तोवर गप्पा पुरतील.